चेकरांचा पुठ्ठ्याचा बुरूज

आमच्या घरमालकांच्या अंगणात एक लिंबोणी होती आणि तिच्या प्रत्येक लिंबावर निळ्या बॉलपेननं नंबर घातलेला होता. मी पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हा ते स्टुलावर उभे राहून सदतीस नंबर घालत होते. अंबाजोगाईत सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात एक्स-रे काढायच्या खोलीत मला नुकतीच नोकरी लागली होती आणि डोक्यावर छप्पर हवं होतं. त्यांनी वरूनच विचारलं, काय पाहिजे. म्हटलं, खोली. खोली हाय म्हणून कुणी सांगितलं? म्हटलं, दारावर पाटी लावलीय की तुम्ही. तर म्हणाले, "पाटी तर रस्त्यानं जाणारे समदेच वाचतात. आत तूच कावून आलीस?"

आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा. मी वडवणीची. आमच्या गल्लीत शेजारणीला लिंबू लागलं तर ती तोडून नेते आणि दोन दिवसांनी सांगते, तेही आठवलं तर. इथं झाडाचा हजेरीपट. मी परतच फिरणार होते, पण दवाखाना पाच मिनिटांवर होता आणि आतून घरमालकीण काकूंनी 'पाणी देऊ का गं' असं विचारलं, तेवढ्यावर थांबले. मग त्यांनी खाली उतरून माझं आधार कार्ड उजेडाकडं धरून बघितलं आणि कोऱ्या कागदावर माझ्या तीन सह्या घेतल्या. तीन कशाला, विचारलं, तर म्हणाले की पहिल्या दोन माणूस दाखवायला करतो, तिसरी खरी असते. ही त्यांची पद्धतच होती. पुढं दूधवाल्यानंसुद्धा तीन सह्या केलेल्या मी बघितल्या.

ते एसटीत तिकीट तपासनीस होते. मी राहायला गेले तेव्हा रिटायर होऊन वर्ष झालं होतं, पण ड्यूटी काही सुटली नव्हती. सगळी गल्ली त्यांना चेकर म्हणायची, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. मी काका म्हणायचे. ते मला एक्सरे म्हणायचे. 'ए एक्सरे, तुझ्या खोलीतला पंखा कुणासाठी फिरतोय?' पेपरवाला पेपर टाकून गेला की आधी पानं मोजायचे, मग बातम्या वाचायचे. दुधाच्या पातेल्यात आतून खूण केलेली. पाहुणा आला की आधी त्याच्या हाताकडं बघायचे, मग तोंडाकडं. कारण विचारलं तर एकच वाक्य ठरलेलं: "माणूस खोटा नसतो, हात खोटा असतो."

दुसरं वाक्य कानाचं होतं. डोळा फसतो, कान फसत न्हाई. ते सांगायचे, बसच्या पायरीवर मी पाय ठेवला की मागच्या सीटवरचा एकाचा श्वास बदलायचा, तोच बिनतिकिटाचा. तिकिटं बघत मागं जायचं ते नुसतं बाकीच्यांच्या समाधानासाठी. मला वाटायचं, मारतायत थापा. एकदा भर दुपारी ते आत घोरत असताना मी आवाज न करता एक लिंबू तोडलं. पोह्यांवर पिळायला हवं होतं, काकूंना विचारलंही होतं. देठ तुटला तेवढाच काय तो आवाज. घोरणं थांबलं आणि आतून प्रश्न आला, "सतरा का अठरा?" सतरा होतं.

सोडणं हा प्रकार त्यांच्याकडं नव्हताच. काकूंच्या आईची गोष्ट काकू अजूनही कपाळाला हात लावून सांगतात. म्हातारी गावाहून लेकीकडं निघाली होती. कंडक्टरला म्हणाली, माझा जावई चेकर हाय, तिकीट काय काढायचं. कंडक्टर कामात होता, राहून गेलं. वाटेत हेच चढले. सासू मागं बसलेली, बघून हसली, पदर सावरून बाजूला सरकली, जावयाला बसायला जागा केली. यांनी सगळी बस तपासत तिच्यापर्यंत येऊन हात पुढं केला, "तिकीट." म्हातारीला आधी थट्टा वाटली. शेवटी लुगड्याच्या गाठीतून दंड भरला तिनं, चाळीस माणसांसमोर. संध्याकाळी घरी आल्यावर हे तिच्या पाया पडले आणि मामी, प्रवास बरा झाला का, असं विचारलं. तीन दिवाळ्या म्हातारी या घराची पायरी चढली नाही. काकूंनी भांडून बघितलं, रडून बघितलं. ते म्हणाले, "एकाला सोडलं की मग बाकीच्यांना धरलेलं पाप हाय."

असल्या माणसाबरोबर लुडो खेळायचा म्हणजे काय ते बघा.

रविवारी जेवणं झाली की पडवीत आमचा डाव बसायचा. काका, काकू, मी आणि शेजारचे रफीकभाई. रफीकभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान भिंतीला भिंत लागून. माणूस गुणाचा, पण फासा टाकायची त्याची एक ढब होती: दोन बोटांत धरून जमिनीलगत सोडायचा. काकांचा डाव तिथंच बिघडायचा. ज्याची बोटं तांब्याच्या बारीक तारेचे हजार वेढे न चुकता घालतात, त्याला एक फासा हवा तसा सोडायला कितीसं जड, असं त्यांचं म्हणणं. रफीकभाई अल्लाची शपथ घ्यायचे. मग फासा डबीत घालून हलवायचा असं ठरलं, तर यांना डबीचाच संशय. रफीकभाई म्हणाले, मोबाईलवर खेळू, त्यात हातच नाही. काकांनी मोबाईल उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, आतला फासा कुणी बघितलाय? तोही मार्ग बंद झाला.

मार्ग सापडला गिरणीत. काका ज्वारीचं दळण घेऊन गेले होते, नंबर यायला वेळ होता. वरच्या तोंडातून दाणे पडतात, खालून पीठ येतं, मध्ये कुणाचा हात लागत नाही, हे इतकी वर्षं बघून त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं. दळण तिथंच ठेवून घरी आले आणि माझा बुटांचा खोका मागितला.

फासा वरून टाकायचा, तो आपटत आपटत खालून निघायचा, असा पुठ्ठ्याचा बुरूज त्यांना करायचा होता. पहिला बुटांच्या खोक्याचा. फासा वरून टाकला की मधल्या फळीवर बसूनच राहायचा. दुसरा सलाईनच्या खोक्याचा, त्याला उतार जास्त झाला. फासा घसरगुंडीवरून यावा तसा न उलटता यायचा. वर सहा धरून सोडला की खाली सहाच. हे आधी रफीकभाईंच्या लक्षात आलं आणि ते तीन रविवार गप्प बसून जिंकले. मग काका म्हणाले, कडक पुठ्ठा पायजे. आमच्याकडं एक्स-रेच्या फिल्मच्या डब्यांत चांगला ताठ पुठ्ठा निघतो, तो कचऱ्यातच जातो. मी चार तुकडे आणले. हातात घेण्याआधी त्यांनी मला विचारलं, सरकारी माल हाय का? म्हटलं, कचरा आहे हो. तर कचरा असल्याचं लिहून आण म्हणाले. मी आमच्या इन्चार्ज बाईंकडून चिठ्ठी आणली. बाई हसून हसून खुर्चीत वाकल्या, पण सह्या तीन केल्या, कारण मी तशा मागितल्या.

तो तिसरा बुरूज मात्र बघण्यासारखा झाला. हातभर उंच, चौकोनी, वरून उघडा. आत तीन तिरप्या फळ्या, एक डावीकडं उतरती, एक उजवीकडं, परत एक डावीकडं. खाली दाराएवढं भोक आणि पुढं मोबाईलच्या खोक्याच्या झाकणाचं ताट, त्यात जुन्या सतरंजीचा तुकडा, म्हणजे फासा बाहेर उडायला नको. उतार किती अंशाचा, ते गल्लीतल्या एका पोराची कंपासपेटी मागून ठरवलं. आणि चिकटवायची खळ माझी. हे मी मुद्दाम सांगते. आमचे वडील वडवणीत वह्या-पुस्तकांची बांधणी करायचे. मैद्याची खळ कशी शिजवायची, गुठळी कशी होऊ द्यायची नाही, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद कधी घालायचं, हे मी फ्रॉकात असल्यापासून शिकलेय. आमच्या घरच्या खळीनं चिकटवलेलं पुस्तक फाटेल, पण सुटणार नाही. काकांनी खळ बोटावर घेऊन उजेडात बघितली, वास घेतला, आणि नावं ठेवायला काहीच सापडलं नाही म्हणून गप्प बसले. माझ्यासाठी ते बक्षीस होतं.

मग चाचणी. काका डोळे मिटायचे, डाव्या हाताची तीन बोटं वर धरायचे. फासा सोडला की एकेका फळीवर आपटायचा: टक, टक, टक. प्रत्येक टकला एक बोट मिटायचं. तिन्ही मिटली आणि फासा ताटात आला की डोळे उघडून म्हणायचे, खरा. पुढं प्रत्येक डावात, प्रत्येकाच्या फाशाला ते हेच करायचे. बुरुजाच्या अंगावर स्केचपेननं नियम लिहिले. फासा वीतभर वरून सोडायचा. एकदा सोडला की बाहेर येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. येईल तो घ्यायचा. एवढं करून ते पुढच्याच रविवारी हरले. रफीकभाई म्हणाले, चेकरसाब, या बुरुजात तुमचा माणूस बसलाय आन् तो तुमच्यावरच रुसलाय. आपल्यावर कुणी संशय घेतला याचा काकांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः बॅटरी आणून रफीकभाईंना आत बघायला लावलं.

हे सगळं लुडोसाठी चाललंय असं मी धरून चालले होते. खळ सुकत होती तेव्हा एका दुपारी त्यांनी मला दुसरंच सांगितलं.

त्यांचा एक धाकटा भाऊ घाटनांदूरकडं शेती करतो. वडील गेल्यावर वाटणी झाली. आमच्याकडं रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला आपोआप सारखे पाडतो. पण विहीर एक आणि ती एकाच बाजूला. दुसरीकडं नुसता माळ. सारखं होणार कसं? म्हणून काकांनी स्वतः दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एकीवर विहीर, एकीवर माळ, तांब्यात टाकल्या आणि रीतीप्रमाणं धाकट्यानं आधी हात घातला. तो हात म्हणे आत फार वेळ राहिला. बाहेर आला तो विहीर घेऊन.

"घडी सारखी. कागद सारखा. मग चाचपत काय होता?" काका मला विचारत होते, जणू मीच तांब्यात हात घातला होता. त्यांचा हिशेब असा, की विहिरीच्या चिठ्ठीवर अक्षरं जास्त, म्हणजे शाई जास्त, म्हणजे ओल जास्त, आणि ती बोटाला लागते. एवढ्यावर अठरा वर्षं सख्ख्या भावांचं बोलणं बंद. लग्नकार्यात एका पंगतीला बसायचे आणि तोंडं दोन दिशांना. काकांनी वाटणीच्या कागदावर कधी सही केलीच नाही. सातबारा दोघांच्या नावावर तसाच राहिला.

मी म्हटलं, काका, तुम्हाला पेन्शन आहे, दोन खोल्यांचं भाडं आहे, तुम्हाला आता विहीर कशाला हवी? तेव्हा ते जे बोलले ते मी विसरले नाही. "विहिरीची पट्टी घालीन मी चुलीत. मला एवढंच कळू दे, त्यानं तवा केलतं का न्हाई केलतं. ते कळलं की मी मरायला मोकळा."

आणि योग असा, की त्याच वर्षी धाकट्याला गरज पडली. विहिरीकडच्या पट्टीत त्यानं मोसंबी लावली होती, सात वर्षांची झाडं, फळाला आलेली. विहिरीवर सोलरचा पंप बसवायचा तर सातबारावरच्या दुसऱ्या नावाची संमती लागत होती. पंप नाही तर उन्हाळ्यात झाडं जाणार. त्यानं काकूंना फोन केला, वहिनी, दादाला एक सही माग. काकांनी काकूंकरवीच उलट निरोप धाडला: सही करतो, पण वाटणी नव्यानं. एकेकदा फासा टाकायचा, बुरुजातून. ज्याचा मोठा त्याची विहीर. मला वाटलं, कोण शहाणा सात वर्षांची झाडं एका फाशावर लावेल? पण सही नसली तरी झाडं जाणारच होती. तो आला.

थोरल्यासारखंच नाक, उंचीला कमी, पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा. उन्हातून आलेला. अठरा वर्षांनी भावाच्या पडवीत बसला आणि भावाकडं न बघता लिंबोणीकडं बघत राहिला. लिंबांचे नंबर वाचत असावा. रफीकभाईंना साक्षीला बोलावलं होतं. काकांनी त्याच्याशी एक शब्द न बोलता नियम वाचून दाखवले, फासा त्याच्या हातात तपासायला दिला, बुरुजात बॅटरी मारून दाखवली. त्यानंही सगळं निरखून बघितलं. भाऊच ते.

आधी थोरला. डोळे मिटले, बोटं वर, फासा सोडला. टक, टक, टक. पाच.

आता धाकट्याला सहाच हवेत, किंवा पाच पडले तर परत. त्याचा चेहरा मातीसारखा झाला. पाणी मागून घेतलं. फासा उचलला, मूठ बुरुजावर नेली. माझी नजर खाली ताटावर. काकूंनी तोंडाला पदर लावलेला. थोडा वेळ गेला. ताटात काही आलं नाही. मी वर बघितलं, तर धाकट्याचा हात रिकामा, मांडीवर. काकांनी डोळे उघडले, भावाकडं बघितलं, बुरुजाकडं बघितलं आणि म्हणाले, "अडकला."

आणि लगेच माझ्यावर उलटले. हिनं खळ दाट केली, म्हणाले. सांगितलं होतं पातळ कर म्हणून, आत गोळा राहिला असंल. मी पेटलेच. कधी सांगितलं होतं? माझी खळ? दोनशे वेळा फासा सुरळीत पडला तेव्हा गोळा कुठं गेला होता? मी वडिलांपर्यंत पोचले, मोरचुदापर्यंत पोचले, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. रफीकभाई बिचारे बुरुजाला टिचकी मारायला पुढं झाले, तर काकांनी त्यांचं मनगट धरलं. नियम दोन. बाहेर येईपर्यंत हात लावायचा नाही.

मग जे झालं ते या दोघांच्याच घरी होऊ शकतं. कुणीही उठेना. धाकटा गेला तर थोरला बुरूज उघडणार. थोरला उठला तर धाकटा हलवणार. दोघं दोन बाजूंना बसून त्या खोक्यावर पहारा देत राहिले. एक तास गेला, दोन गेले. रफीकभाई दुकान उघडून परत बंद करून आले. काकूंनी शेवटी दोघांच्या पुढ्यात ताटं ठेवली, भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. अठरा वर्षांत पहिल्यांदा दोघं समोरासमोर तोंड करून जेवले, कारण मध्ये बुरूज होता. धाकटा म्हणाला, वहिनी, मीठ. मीठ थोरल्याजवळ होतं. त्यानं वाटी पुढं केली.

जेवण झाल्यावर काकांनी निकाल दिला. फासा बाहेर येत नाही तोवर जो जिथं हाय तो तिथं. बुरुजाच्या दोन्ही तोंडांवर कागद चिकटवले, त्यावर धाकट्याच्या तीन सह्या घेतल्या, आपल्या तीन केल्या आणि बुरूज कपाटावर ठेवला. कुणी हलवायचा नाही, हलवला तर आतला नंबर बदलेल. मग म्हणाले, आण तुझा तो कागद. धाकट्याला कळेना. काका म्हणाले, "उद्या पट्टी माझी निघाली तर वाळलेली झाडं घेऊन काय करू? पंप बसव." आणि संमतीवर सही केली. मला तेव्हा वाटलं, काय आतल्या गाठीचा माणूस आहे, भावाच्या हातून आपली झाडं जगवून घेतोय.

त्यानंतर धाकटे दर बाजाराच्या दिवशी यायचे. आले की आधी कपाटाखाली उभं राहून कागद आणि सह्या बघायच्या, फाटलं तर नाही ना. मग चहा. पुढं पुढं चहाचं जेवण झालं, जेवणानंतर लुडो सुरू झाला. बुरूज कपाटावर, म्हणून आता नवा फासा हातानंच टाकायचा, आणि काका चक्क चालवून घ्यायचे. येताना मोसंबी आणायचे. काका ती मोजून घ्यायचे. मला मात्र हे चैन पडू देत नव्हतं. काका प्रत्येकाला सांगायचे, एक्सरेच्या खळीनं घोटाळा केला. गल्लीत माझ्या खळीची नाचक्की झाली. शेवटी मी म्हटलं, काका, बुरूज द्या, मशीनवर ठेवते, फासा कुठल्या फळीवर अडकलाय ते दिसेल, आणि नंबर काही बदलायचा नाही. ते एकदम उसळले. सरकारी मशीन घरच्या कामाला? लाज न्हाई वाटत? आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, मरू दे, म्हाताऱ्याला निकालच नकोय.

चार वर्षं अशी गेली. मागच्या पोळ्याच्या आठवड्यात दुपारी काका पेपरची पानं मोजता मोजता गेले. फार काही झालंच नाही, पेपर हातात तसाच होता. मी धावले तोवर संपलं होतं. दवाखान्यात रोज बघते मी हे, पण त्या दिवशी मला स्टुलावर बसावं लागलं.

तेरावं झालं. माणसं पांगली. धाकटे तेवढे पडवीत बसून राहिले. काकू म्हणाल्या, तो बुरूज काढून दे गं यांना, आता कशाला ठेवायचा. मी स्टुलावर चढून तो दोन्ही हातांनी उचलला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तो कलला. आत काही घरंगळलं नाही. उलटा केला. काही नाही. मी खाली उतरले आणि म्हटलं, यात फासा नाहीये.

धाकट्यांनी सदऱ्याच्या खिशातून फासा काढून सतरंजीवर ठेवला.

"आत कसा असंल? मी टाकलाच न्हाई, पोरी. दादाचे पाच पडले आन् मला माजी झाडं दिसाया लागली. हात वर नेला, पण मूठच उघडना. फासा तसाच बाहीत घातला. वाटलं, आता धरतंय दादा. तर तेच म्हणलं, अडकला." मग म्हणाले की दादाला कळलं नाही, जन्मात एकदा त्याला फसवलं आणि ते मलाच पचलं नाही, कुणी बुरूज उघडेल या भीतीनं दर बाजारी येत होतो, आणि मग यायची सवयच लागली.

मला आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. चार वर्षं माझ्या खळीनं बोलणी खाल्ली आणि फासा या गृहस्थांच्या खिशात. मी वरखालचे कागद टराटरा फाडले, फासा उचलला आणि वरून सोडला. बघा म्हटलं, अडकतो का.

टक, टक, टक. ताटात आला. दोन पडले होते.

धाकटे त्या दोनकडं बघत नव्हते. त्यांची मान तिरकी झाली होती. हळू विचारलं, दर वेळी असाच आवाज येतो? म्हटलं, हो. तीन. आणि बोलता बोलता मला त्या दिवशीची पडवी दिसली. मी ताटावरून वर बघितलं तेव्हा काकांचे डोळे मिटलेले होते आणि डाव्या हाताची तीन बोटं वर होती. तिन्ही. एकही मिटलेलं नव्हतं. देठ तुटल्याच्या आवाजावर झोपेतून लिंबाचा नंबर विचारणारा माणूस तो. त्याला तर फासा पडलाच नाही हे सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"मग अडकला कावून म्हणलं?" धाकट्यांनी विचारलं. मला विचारलं का काकूंना, ते कळलं नाही.

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माज्या आईला सोडलं न्हाई त्यांनी, भर बसमध्ये. तुमाला सोडलं, भावजी."

धाकटे रडले. मोठ्यानं, लहान पोरासारखे, उपरणं तोंडात धरून. बऱ्याच वेळानं म्हणाले की तांब्यात त्यांनी काही केलं नव्हतं. मेलेल्या आईची शपथ घेऊन सांगितलं. हात आत गेला आणि भीतीनं देवाचं नाव घेत राहिले, तेवढाच उशीर. अठरा वर्षं जी चोरी नव्हती तिच्यासाठी तोंड चुकवलं, आणि जी खरी केली ती भावानं खळीवर ढकलली. म्हणजे काकांना जे विचारायचं होतं त्याचं उत्तर त्या पडवीत त्यांना मिळालं, आणि ते चुकीचं मिळालं. आता केलं म्हणजे तेव्हाही केलं, असंच धरून ते गेले असणार. आणि तसं धरूनसुद्धा मिठाची वाटी पुढं केली, पंपावर सही केली, चार वर्षं मोसंबी मोजून घेतली. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मी उठून त्यांना पाणी दिलं.

मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले. बुरूज पिशवीत मावेना, म्हणून धाकटे तो मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. बस भरली नव्हती, मी खाली उभी होते. कंडक्टर मशीन घेऊन त्यांच्याजवळ आला. धाकटे म्हणाले, दोन द्या, घाटनांदूर.

कंडक्टरनं शेजारची रिकामी सीट बघितली, मांडीवरचं खोकं बघितलं आणि म्हणाला, "याला तिकीट लागत न्हाई, मामा. नुसता पुठ्ठा हाय."

"ह्याचं न्हाई," धाकटे म्हणाले. "एक आत्ताचं. एक मागचं राहिलंय."